हेल्गोलँड : मालक बदलले, गाव राहिले

इतिहास म्हणजे मोठ्या राज्यांचा, मोठ्या लढायांचा आणि मोठ्या माणसांचा, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. लहान गावालाही इतिहास असतो हे आपण नाकारीत नाही. पण तो त्या गावापुरता, असे मानून पुढे जातो. ही समजूत कितपत टिकते हे पाहावे, म्हणून आज आम्ही एक अगदी लहान गाव निवडले आहे. ते आपल्या देशातले नाही. जर्मनीच्या वायव्येस, उत्तर समुद्रात, एल्बे नदीच्या मुखापासून साठएक किलोमीटरवर हेल्गोलँड नावाचे एक बेट आहे. मुख्य खडकाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर. त्याच्या पूर्वेला ‘ड्यून’ नावाचे वाळूचे आणखी एक बेट आहे, ते त्याहूनही लहान. दोन्ही मिळून वस्ती तेराशेच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीस ग्रामपंचायत म्हणतात. तेथे निवडून आलेली पालिका आहे, नगराध्यक्ष आहे, आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे मात्र समुद्रापलीकडे, हॅम्बुर्गच्या बाजूस आहे.

हा एवढासा गाव निवडण्याचे कारण असे, की गेल्या सव्वादोनशे वर्षांत येथील झेंडा चार वेळा बदलला. १८०७ मध्ये डेन्मार्कचा उतरून ब्रिटनचा चढला. १८९० मध्ये ब्रिटनचा उतरून जर्मनीचा चढला. १९४५ मध्ये पुन्हा ब्रिटिश आले आणि १९५२ मध्ये बेट पुन्हा जर्मनीला मिळाले. यांपैकी पहिल्या तिन्ही वेळी तेथील माणसांना कोणी एका शब्दाने विचारले नाही. जमीन कोणाची, जिंकणाऱ्याची, विकत घेणाऱ्याची की तीवर राहणाऱ्याची, हा प्रश्न मोठ्या देशांच्या इतिहासात सैन्याच्या आणि तहांच्या गर्दीत हरवून जातो. या लहान बेटावर तो उघड्या खडकासारखा स्वच्छ दिसतो.

प्रथम भूगोल पाहू. उत्तर समुद्राचा हा सारा किनारा सखल, चिखलाचा आणि वाळूचा. त्यात हेल्गोलँड हा तांबड्या वालुकाश्माचा कडा एकदम उभा राहिलेला दिसतो. यास कारण भूगर्भातील मिठाचा थर. फार प्राचीन काळी साचलेले मीठ वरच्या थरांच्या भाराखाली हळूहळू वर सरकले आणि त्याने आपल्या डोक्यावरचा खडक उचलून धरला. तोच हा कडा. वायव्येच्या टोकाशी ४७ मीटर उंचीचा एक सुळका समुद्रात सुटा उभा आहे. बेटकरी त्यास ‘लांब आना’ अशा अर्थाच्या बाईमाणसाच्या नावाने हाक मारतात. वरच्या सपाटीवरची वस्ती आणि कड्याखालची वस्ती असे गावाचे दोन भाग आहेत. त्यांना जोडणारा एक मोठा जिना आहे आणि आता लिफ्टही आहे. बेटाच्या झेंड्यात हिरवा, तांबडा आणि पांढरा असे तीन पट्टे आहेत : हिरवा माथ्यावरच्या कुरणाचा, तांबडा कड्याचा आणि पांढरा वाळूचा.

पूर्वी हे बेट आजच्याहून मोठे होते. आज जेथे ड्यून आहे तेथे एके काळी तांबड्या कड्यासारखाच एक पांढरा कडा उभा होता, आणि दोहोंमध्ये दगडगोट्यांचा एक नैसर्गिक बांध होता. पांढऱ्या कड्याचा दगड खणून विकणे हा लोकांचा एक धंदा होऊन बसला. कडा पोखरला गेला. १७११ साली त्याचे उरलेसुरले टोक वादळात कोसळले. पाठीराखा गेल्यावर बांध किती दिवस टिकणार? १७२० च्या वर्षअखेरीच्या रात्री समुद्राने तो फोडला आणि एका बेटाची दोन बेटे झाली. समुद्राने एवढे नेले खरे, पण वाट माणसाने करून दिली होती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आपल्या कथेच्या शेवटी ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या बेटाचा सर्वांत जुना उल्लेख धर्माच्या संबंधात येतो. इसवी सनाच्या सातशेच्या सुमारास विलिब्रॉर्ड नावाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक येथे आला. त्याच्या चरित्रात असे सांगितले आहे की, हे बेट फोसिते नावाच्या देवाचे होते. तेथील गुरांना कोणी हात लावीत नसे आणि झऱ्याचे पाणी भरावयाचे ते मौन पाळून. कोकणातील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटावयाचे नाही. विलिब्रॉर्डने त्याच झऱ्यावर तिघांना बाप्तिस्मा दिला आणि तेथील गुरे मारून खाल्ली. बेटाच्या नावातही ‘पवित्र भूमी’ असाच अर्थ पाहतात. बेटकरी मात्र आपल्या फ्रिजियन बोलीत त्यास नुसते ‘जमीन’ म्हणतात. चहूकडे पाणी असलेल्या माणसाला याहून दुसरे नाव सुचण्याचे कारण नाही.

मध्यंतरीची शतके मासेमारीत आणि वाटाड्यांच्या कामात गेली. एल्बेच्या मुखाशी वाळूचे दांडे फार. हॅम्बुर्गला जाणाऱ्या जहाजांना वाट दाखविण्यास माहितगार माणसे लागत आणि ती हेल्गोलँडात मिळत. १७१४ पासून बेटावर डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. १८०७ मध्ये डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूस गेला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने हा खडक ताब्यात घेतला. नेपोलियनने १८०६ पासून युरोपची बंदरे ब्रिटिश मालास बंद केली होती. ती बंदी चुकवून माल किनाऱ्यावर उतरविण्यास यापरते सोयीचे ठाणे नव्हते. काही वर्षे या एक चौरस किलोमीटरावर साखर, कॉफी आणि कापड यांची कोठारे भरून वाहिली. लढाई संपली आणि तो पैसाही आला तसा गेला. १८१४ च्या तहाने बेट रीतसर ब्रिटनचे झाले.

गाव पुन्हा उभा राहिला तो एका बेटकऱ्याच्या कल्पनेने. याकोब आंद्रेसेन सीमेन्स या गृहस्थाने १८२६ मध्ये येथे समुद्रस्नानाचे केंद्र काढले. जर्मनीतून लेखक, कवी आणि विद्यार्थी हवापालटासाठी येऊ लागले. जर्मनीत त्या काळी छापण्याबोलण्यावर कडक पहारा होता. या ब्रिटिश बेटावर तो जाच नव्हता. कवी हाइने येथे राहून गेला. हॉफमान फॉन फालर्सलेबेन या कवीने २६ ऑगस्ट १८४१ रोजी जे गीत येथे लिहिले ते १९२२ साली जर्मनीचे राष्ट्रगीत ठरले. आज त्याचे तिसरे कडवे तेवढे राष्ट्रगीत म्हणून गातात. जर्मनांच्या ऐक्याचे गाणे जर्मन भूमीवर नव्हे, तर परक्याच्या झेंड्याखाली लिहिले गेले! स्वातंत्र्याची हवा कोठे मिळेल ती मिळेल. तिला नकाशाचे रंग कळत नाहीत.

आता १८९० सालाकडे येऊ. पूर्व आफ्रिकेत ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात वाटणीचा तंटा पेटला होता. १ जुलै १८९० रोजी उभयतांत करार झाला. झांजीबारवरील ब्रिटनचे संरक्षकत्व जर्मनीने मान्य केले आणि किनाऱ्यावरील विटू या मुलखावरचा हक्क सोडला. उलट जर्मनीला आफ्रिकेत झांबेझी नदीपर्यंत पोचणारी एक चिंचोळी पट्टी मिळाली आणि युरोपात हेल्गोलँड मिळाले. पुष्कळ ठिकाणी ‘झांजीबार देऊन हेल्गोलँड घेतले’ असे लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. झांजीबार सुलतानाचे होते. जर्मनीचे नव्हतेच, मग ती देणार कोठून? झांजीबारच्या पेठेत तेव्हा कच्छी, खोजे आणि बोहरी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि मुंबईशी त्यांचा नित्याचा व्यवहार होता. त्यांनाही कोणी विचारले नाही, सुलतानाच्या प्रजेलाही नाही आणि हेल्गोलँडच्या दोन हजार माणसांनाही नाही.

खुद्द राणी व्हिक्टोरियाला हा सौदा पसंत नव्हता. तेथील लोक राजनिष्ठ आहेत, त्यांचे मत घेतल्यावाचून त्यांना दुसऱ्याच्या हवाली करणे ठीक नव्हे, अशी हरकत तिने पंतप्रधान सॉल्सबरी यांच्याकडे नोंदविली. पण करार झाला. बेटकऱ्यांना काही सवलती मिळाल्या : १८९२ च्या आरंभापर्यंत ज्याला ब्रिटिश नागरिकत्व हवे त्याने ते निवडावे, आधी जन्मलेल्यांना सक्तीची लष्करी नोकरी नाही, जकातीचा जुना दर १९१० पर्यंत चालू. म्हणजे नागरिकत्व निवडण्याची मुभा माणसाला होती, पण त्याच्या घराखालची जमीन कोणाच्या राज्यात जावी हे ठरविण्याची मुभा नव्हती. ९ ऑगस्ट १८९० रोजी ताबा दिला गेला आणि दुसऱ्या दिवशी कैसर विल्हेल्म स्वतः बेटावर उतरला.

हा प्रकार आपणांस अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट आपल्या बहिणीबरोबर इंग्लंडच्या राजास आंदण दिले आणि १६६८ मध्ये त्या राजाने ते वर्षाला १० पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. माहीमच्या आणि वरळीच्या कोळ्यांना, आगऱ्यांना, भंडाऱ्यांना त्या वेळी कोणी विचारले होते काय? राज्यकर्त्याच्या कागदावर बेट ही वस्तू असते. राहणाऱ्याच्या लेखी ते घर असते. या दोन हिशेबांतील फरक कळावा एवढ्यासाठीच आम्ही ही तुलना केली.

जर्मनीने हे घर घेऊन त्याचा किल्ला केला. मोठे बंदर बांधले, कड्यात बोगदे खणले, तोफा चढविल्या. किल्ल्याचा गुण असा की, तो शत्रूला दूर ठेवण्यासाठी बांधतात आणि तोच शत्रूला बोलावून आणतो. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच सर्व रहिवाशांना मुख्य भूमीवर हलविण्यात आले. ते परतले १९१८ साली युद्ध संपल्यावर. व्हर्सायच्या तहात हेल्गोलँडची तटबंदी पाडून टाकण्याचे स्वतंत्र कलम होते आणि त्याप्रमाणे ती पाडलीही गेली.

मग थोडा शांततेचा काळ आला आणि त्या काळात या खडकावर एक घटना घडली. जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचा एक तरुण शास्त्रज्ञ परागकणांनी होणाऱ्या तापाने बेजार होऊन येथे आला. झाडे कमी, वारा समुद्राचा. त्याला आराम पडला. त्याचे नाव व्हेर्नर हायझेनबर्ग. अणूच्या अंतरंगाविषयी जे गणित त्याला येथे सुचले त्यातून आजचे पुंजयामिक जन्मास आले. २०२५ च्या जूनमध्ये या घटनेस शंभर वर्षे झाली, तेव्हा जगातील नामवंत भौतिकशास्त्रज्ञ याच बेटावर जमले होते. पक्ष्यांच्या अभ्यासासाठीही हे बेट प्रसिद्ध आहे. समुद्र ओलांडणारे थवे येथे विसाव्यास उतरतात. हाइनरिख गेट्के या चित्रकाराने आयुष्याची अनेक दशके येथे घालवून त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांचा ग्रंथ केला. तोफांच्या तटबंदीतून पुढील पिढ्यांना काय मिळाले आणि आजारी तरुणाच्या मुक्कामातून काय मिळाले, हे तोलून पाहण्यासारखे आहे.

पण तोफा परत आल्या. हिटलरच्या राजवटीत हेल्गोलँडला प्रचंड आरमारी ठाणे करण्याची योजना निघाली. पाणबुड्यांसाठी काँक्रीटचे गाळे बांधले गेले. महायुद्धाच्या अखेरीस बेट निमूटपणे शरण जावे, वस्ती वाचावी, म्हणून काही बेटकऱ्यांनी आणि सैनिकांनी गुप्त खटपट केली. कट फुटला. १८ एप्रिल १९४५ च्या पहाटे त्यांना पकडण्यात आले आणि २१ एप्रिल रोजी त्यांच्यापैकी पाच जणांना कुक्सहाफेन येथे गोळ्या घालण्यात आल्या. ज्या दिवशी ते पकडले गेले त्याच दिवशी दुपारी सुमारे एक हजार ब्रिटिश विमानांनी बेटावर बाँबचा वर्षाव केला. दोन तासांच्या आत सुमारे सात हजार बाँब पडले. कड्यातील बोगद्यांत शिरल्यामुळे बहुतेक रहिवासी वाचले. गाव मात्र उरले नाही. लोकांना पुन्हा एकदा होड्यांत बसवून मुख्य भूमीवर नेले गेले. या वेळी परतीची तारीख कोणी सांगितली नाही.

बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ रोजी, ब्रिटिश आरमाराने बेटावरील तटबंदी आणि दारूगोळा एकदम उडवून दिला. टॉर्पेडोंची टोके, समुद्रात सोडावयाचे बाँब, तोफांचे गोळे असे सुमारे ६,७०० टन स्फोटक एका क्षणी पेटले. अणुबाँब वगळता मानवाने केलेल्या सर्वांत मोठ्या स्फोटांत याची गणना होते. बेट नाहीसे होईल असे पुष्कळांना वाटले होते. दक्षिणेचे टोक ढासळले, तेथे एक नवीनच सखल भाग तयार झाला; पण खडक उभा राहिला. त्यानंतर ब्रिटिश विमानदळ त्याचा उपयोग बाँब टाकण्याच्या सरावासाठी करू लागले. ज्यांची घरे तेथे होती ते किनाऱ्यावरच्या अनेक गावांत विखुरलेले होते.

या लोकांनी काय केले हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी शस्त्र उचलले नाही. त्यांनी अर्ज केले. ब्रिटिशांकडे केले, संयुक्त राष्ट्रांकडे केले. जेम्स क्र्यूस या बेटावर जन्मलेल्या तरुण लेखकाने विखुरलेल्या बेटकऱ्यांसाठी ‘हेल्गोलँड’ याच नावाचे नियतकालिक काढले. पुढे मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांबद्दल त्यास १९६८ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळाले. गाव जमिनीवर उरले नव्हते, ते काही वर्षे कागदावर आणि लोकांच्या तोंडी राहिले. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांना हे अधिक उलगडून सांगावयास नको. गावाचे नाव घेणारी माणसे एकमेकांस धरून राहिली तर गाव संपत नाही.

२० डिसेंबर १९५० रोजी हायडेलबर्गचे दोन विद्यार्थी, रेने लॉइडेसडॉर्फ आणि गेओर्ग फॉन हाट्सफेल्ट, कडाक्याच्या थंडीत एका मच्छीमार होडीतून या निर्मनुष्य बेटावर उतरले. केव्हाही बाँब पडावा अशी जागा. त्यांनी जर्मनीचा, युरोपीय ऐक्याच्या चळवळीचा आणि हेल्गोलँडचा असे झेंडे लावले. पुढे आणखी लोक येऊन मिळाले. ३ जानेवारी १९५१ रोजी त्यांना बेट सोडावे लागले. पण वृत्तपत्रांतून साऱ्या जगाला प्रश्न कळला होता. थोड्याच आठवड्यांत ब्रिटनने बेट परत देण्याचे मान्य केले आणि १ मार्च १९५२ रोजी ते परत केले. तो दिवस बेटावर आजही सुट्टीचा आहे. येथे न्यायबुद्धीने बोलावयाचे तर दोष एकट्या ब्रिटनच्या माथी मारता येणार नाही. बेटाचा किल्ला जर्मन राज्यकर्त्यांनी केला, युद्धही त्यांनीच ओढवून आणले. घर मोडले ते या दोघांच्या हिशेबात, आणि किंमत मोजली ती तिसऱ्याने.

परतलेल्यांना काय दिसले? खड्ड्यांनी चाळण झालेला खडक, न फुटलेले बाँब, आणि विमानविरोधी तोफांसाठी बांधलेला एक मनोरा. त्याच मनोऱ्याचे दीपगृह केले. तुतीचे एक जुने झाड सारी जळपोळ सोसून पुन्हा पालवले. ते आजही दाखवितात. नवे गाव आखून, लहान लहान रंगीत घरांचे, असे बांधले गेले.

आज या पालिकेचा कारभार पाहण्याजोगा आहे. बेट युरोपीय संघाच्या जकातीच्या हद्दीबाहेर आहे. पालिका स्वतःचा आयातकर बसविते. मोटारींना आणि सायकलींनाही बेटावर बंदी आहे, आणि ही बंदी जर्मनीच्या वाहतूक नियमांतच लिहिलेली आहे. कामापुरत्या विजेच्या गाड्या तेवढ्या चालतात. आपल्या कोकणात आगबोटीचे उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत, तसेच येथेही जहाज दूर नांगरून उतारूंना रुंद लाकडी होड्यांतून आणण्याची जुनी चाल आहे. मासेमारी कमी झाली, प्रवासी आले. आणि अलीकडे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांची देखभाल करणारे कामगार येथूनच ये-जा करतात.

आता तो फुटलेला बांध आठवावा. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाने अशी योजना मांडली की, मुख्य बेट आणि ड्यून यांच्यामधला समुद्र भरून काढावा, तीन शतकांपूर्वी तुटलेले बेट पुन्हा एक करावे, म्हणजे जागा मिळेल, धंदा वाढेल. योजना वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. वस्ती घटत चाललेल्या गावास जागेची आणि रोजगाराची निकड असते. पण या वेळी निर्णय दूरच्या राजधानीत झाला नाही. २६ जून २०११ रोजी बेटकऱ्यांचे मत घेण्यात आले. सुमारे ५५ टक्के लोकांनी ‘नको’ म्हणून सांगितले आणि समुद्र होता तेथे राहिला.

हा निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता, याविषयी तेथेही दोन मते आहेत. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते मत घेतले गेले, हे. ज्या लोकांना राजाने, सम्राटाने, पंतप्रधानाने किंवा सेनापतीने कधी विचारले नाही, त्यांना त्यांच्या स्वतःच्या पालिकेने विचारले. नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या निवडणुकीला आपण क्षुल्लक समजतो आणि गटार, दिवे, घरपट्टी एवढ्यापुरतीच तिची किंमत करतो. हेल्गोलँडच्या लोकांनी तो हक्क मिळण्यापूर्वी दोनदा घर सोडले आणि एकदा गाव मुळापासून पुन्हा उभे केले. आपल्या गावच्या मतपेटीसमोर पुढल्या खेपेस उभे राहताना या दूरच्या तांबड्या खडकाची आठवण झाली, तर हे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.